बाकावर बसणारे

सिकंदराबादच्या एका कॉलेजचा बास्केटबॉल संघ यंदा सलग पाच सामने हरला. कॉलेजचे नाव आम्ही लिहीत नाही. त्या संघातली तीन मुले आमच्या धर्मग्रामातली आहेत आणि त्यांनी जे सांगितले ते रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर, चपला घालता घालता सांगितले. ते नावानिशी जगापुढे मांडावे असे नव्हे. पण गोष्ट सांगण्यासारखी आहे, आणि ज्यांच्या घरी विशीतला मुलगा किंवा मुलगी आहे त्यांना ती परकी वाटणार नाही.

झाले ते असे. जुने प्रशिक्षक निवृत्त झाले. मोठा मायाळू माणूस. त्यांच्या हाताखाली मुले हसतखेळत शिकायची, आंतरकॉलेज स्पर्धेत दोन-तीन फेऱ्या पार करायची, मग हरायची, आणि हरल्यावर सर सगळ्यांना इराणी हॉटेलात नेऊन चहा आणि उस्मानिया बिस्किटे खाऊ घालायचे. नवे प्रशिक्षक आले ते निराळ्या मुशीतले. पहिले दोन आठवडे त्यांनी बॉल कपाटातून बाहेरच काढला नाही. नुसते पळणे, गुडघ्यात वाकून आडवे सरकणे, थांबणे, पुन्हा पळणे. बॉल बाहेर आला तो नियम घेऊनच आला. उजव्या हाताच्या मुलाने लेअप डाव्या हाताने टाकायचा. चार पास झाल्याशिवाय कोणी बास्केटकडे बघायचेसुद्धा नाही. आणि मग सर्वांत मोठा घाव: शेवटच्या वर्षाच्या चार मुलांपैकी तिघांना पहिल्या पाचांतून काढले आणि त्यांच्या जागी पहिल्या वर्षाची, मिसरूडही धड न फुटलेली पोरे उभी केली.

आमच्या तिघांपैकी एक शेवटच्या वर्षाचा. संघातला सर्वांत चांगला नेमबाज. तो आता बाकावर. उरलेले दोघे पहिल्या वर्षाचे. ते आता मैदानात. म्हणजे कॉलेजमधले भांडण थेट आमच्या देवळात येऊन बसले. ही तीन मुले लहानपणापासून एकाच रांगेत बसतात. त्यांच्या आयांनी मिळून नाताळच्या करंज्या केलेल्या आहेत. मिस्सामध्ये शांतीचे चिन्ह देण्याची वेळ आली की सगळे वळून एकमेकांना हात जोडतात. दोन रविवार आम्ही पाहिले, मोठा मुलगा नेमका तेव्हाच खाली वाकून बुटाची नाडी बांधायचा.

हे केवळ रुसणे असते तर आम्ही त्यावर लिहिले नसते. पोरांचे रुसवे चार दिवसांत विरतात. इथे प्रश्न पोटाचा होता. मुलाचे वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये आहेत, त्यांचे वडीलही रेल्वेतच होते. मनमाडच्या गाडीने मराठवाड्यातून या शहरात आलेली जी कितीतरी मराठी कुटुंबे इथे रुजली, त्यांतलेच हे एक. सिकंदराबादेत दक्षिण मध्य रेल्वेचे मुख्यालय आहे आणि रेल्वेत खेळाडूंसाठी जागा असतात, हे इथल्या प्रत्येक घराला पाठ आहे. त्या जागेसाठी अर्ज करायचा तर वरच्या पातळीवर खेळल्याचे प्रमाणपत्र हवे, आणि कॉलेजच्या मुलाला तिथे पोहोचायची एक वाट विद्यापीठाच्या संघातून जाते. विद्यापीठाच्या संघात निवड व्हायची तर निवड करणाऱ्यांना मुलगा मैदानात दिसायला हवा. बाकावर बसलेला मुलगा कुणाला दिसतो? वडिलांचे गणित इतके साधे होते आणि ते चुकीचे नव्हते.

ते आमच्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही फादरांना सांगा ना, एक चिठ्ठी द्यायला. कॉलेजात आपलं थोडं वजन आहे." त्यांचा मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "नक्को डॅडी. मीच सोडतो टीम. तीन वर्षं घाम गाळला, आता या पोरांना पाणी देत बसू का?"

आम्ही चिठ्ठी मागितली नाही. धर्मग्रामाचे वजन अशा कामाला लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. आज आपल्या मुलासाठी लावले तर उद्या दुसऱ्याच्या मुलाविरुद्ध लावलेले असते. या गोष्टीत तर ती दुसरी मुलेही आपलीच होती. मात्र आमच्यापैकी दोघे एका संध्याकाळी सराव बघायला गेलो.

सिमेंटचे कोर्ट, एका कडेला चिंचेचे झाड, रिंगच्या जाळीचे धागे लोंबलेले. दीड तास आम्ही कट्ट्यावर बसून होतो. खेळ बघायला वाईट होता, हे सांगायलाच हवे. मुले पास देताना आधी प्रशिक्षकांच्या तोंडाकडे बघत होती. डाव्या हाताचे लेअप बोर्डाच्या कडेला लागून चिंचेकडे जात होते. जुन्या सवयी मोडल्या होत्या आणि नव्या अजून अंगात मुरल्या नव्हत्या. ज्याने घरात नवी भाषा शिकायला घेतली आहे त्याला हे कळेल. मधल्या काळात माणूस दोन्ही भाषांत अडखळतो.

सराव संपल्यावर प्रशिक्षकांशी बोललो. बोलणे आपल्या हैदराबादी हिंदीत झाले, इथे मराठीत सांगतो. ते म्हणाले, हा मुलगा चांगला नेमबाज आहे, पण बॉल हातात आला की त्याला बाकीचे चार जण दिसत नाहीत. शिवाय त्यांच्या मनात त्याच्यासाठी जागा होती. तिसऱ्या क्वार्टरला समोरचे दमतात, पाय जड होतात, तेव्हा ताज्या दमाचा नेमबाज आत सोडायचा. बास्केटबॉलमध्ये सहावा खेळाडू हा काही उरलासुरला नसतो, मोठमोठे संघ तो जपून वापरतात. आम्ही विचारले, "हे तुम्ही त्याला सांगितलंय का?" त्यांनी शिट्टी खिशात घातली आणि म्हणाले, "सांगायचं काय, कळेल की."

इथे आमचे आणि त्यांचे जुळत नाही. संघाबद्दल त्यांचे बरोबर असेल. पहिल्या वर्षाची मुले तीन वर्षे राहणार, शेवटच्या वर्षाची सहा महिन्यांत जाणार, तेव्हा कोणाला घडवायचे हा हिशेब कुणीही असाच करील. पण ज्याच्या वाट्याला त्या हिशेबातली वजाबाकी येते त्याला ती समोर बसवून सांगावी, एवढे तरी त्याचे देणे आहे.

गंमत म्हणजे हा सगळा खेळच मुळी अशा एका कुरकुरणाऱ्या वर्गातून आणि एका नव्या शिक्षकातून जन्मला आहे. आणि तो जन्मला आपल्याच घरात, म्हणजे वाय.एम.सी.ए.त, हे आपल्या मुलांना क्वचितच माहीत असते.

साल १८९१. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.चे कार्यकर्ते तयार करणारी एक शाळा होती. तिथे जेम्स नेस्मिथ नावाचा तिशीचा शिक्षक होता. जन्माने कॅनडाचा, नऊ वर्षांचा असताना आईवडील दोघेही गेलेले. शिकला होता धर्मशास्त्र, पाळक व्हायचा त्याचा विचार होता. पण व्यायामशाळेतूनही माणसाच्या आत्म्याची सेवा होऊ शकते असे त्याला वाटू लागले आणि तो स्प्रिंगफील्डला आला. तिथे अठरा जणांचा एक वर्ग होता. हिवाळ्यात बाहेर खेळता येईना, आत कवायत आणि जिम्नॅस्टिक्स करून ही वयाने मोठी माणसे कंटाळली होती. दोन शिक्षकांनी त्यांच्यापुढे हात टेकले होते. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथच्या गळ्यात बांधला आणि नवा खेळ शोधायला चौदा दिवस दिले.

नेस्मिथने आधी जुनेच खेळ आत आणून पाहिले. फुटबॉल, सॉकर, लॅक्रॉस. काहीच जमेना. बंद जागेत धक्काबुक्की आणि दुखापती. मुदत संपत आली तेव्हा त्याने बसून विचार केला की लोक एकमेकांना पाडतात का? बॉल घेऊन पळणाऱ्याला अडवायला पाडावे लागते. मग बॉल घेऊन पळताच येणार नाही असा नियम केला तर? आणि लक्ष्य जमिनीवर असले की बॉल जोराने मारला जातो. ते डोक्याच्या वर नेले तर बॉल हलक्या हाताने, कमान करून टाकावा लागेल. त्याने तेरा नियम लिहिले. शाळेच्या शिपायाकडे दोन खोकी मागितली. त्याच्याकडे खोकी नव्हती, पीच फळांच्या दोन टोपल्या होत्या. त्या दोन्ही टोकांना गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या, आणि कठडा दहा फूट उंच होता म्हणून आजही जगभर रिंग दहा फुटांवर असते. २१ डिसेंबर १८९१ रोजी नऊ-नऊ जणांचा पहिला सामना झाला. निकाल १-०. सबंध सामन्यात एकच बास्केट पडली, ती विल्यम चेस या विद्यार्थ्याची.

आम्हाला या गोष्टीतला सर्वांत आवडणारा माणूस नेस्मिथ नव्हे, फ्रँक माहान. वर्गातल्या कुरकुरणाऱ्यांचा म्होरक्या. नेस्मिथने तेरा नियम सूचनाफलकावर लावले, ते वाचून माहानने नाक मुरडले होते. पुढे काही दिवसांनी तोच विचारत आला की या खेळाला नाव काय द्यायचे. त्याने आधी नेस्मिथचेच नाव सुचवले. नेस्मिथ हसला आणि नको म्हणाला. मग माहान म्हणाला, टोपली आहे आणि बॉल आहे, तर बास्केटबॉलच म्हणू या. नाव त्याचेच राहिले.

नियम फलकावर लावलेले होते, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. शिक्षकाच्या डोक्यात काय आहे ते वर्गाला उभ्या उभ्या वाचता येत होते.

त्या पहिल्या वर्गातलाच डंकन पॅटन पुढे १८९४ मध्ये हा खेळ भारतात घेऊन आला, अशी नोंद बास्केटबॉलच्या इतिहासात सापडते. १९२० मध्ये एच. सी. बक यांनी मद्रासला वाय.एम.सी.ए.चे शारीरिक शिक्षणाचे कॉलेज सुरू केले आणि तिथून शिकून गेलेले पी.टी.चे सर दक्षिणेतल्या शाळाशाळांत पोहोचले. नेस्मिथ स्वतः पुढे कॅन्सस विद्यापीठात प्रशिक्षक झाला. तिथे त्याचे ५५ सामने जिंकलेले आणि ६० हरलेले आहेत. ज्याने खेळ शोधला त्याचाच हिशेब तोट्यात. सलग पाच हरलेल्या आमच्या पोरांना हा आकडा सांगितला तेव्हा त्या आठवड्यात पहिल्यांदा तिघे एकदम हसले.

पण सगळे काही अमेरिकेतच शोधायला नको. आपल्या शहरात एक शाळामास्तर होते, सय्यद अब्दुल रहीम. उस्मानिया विद्यापीठाचे पदवीधर. १९५० मध्ये ते हैदराबाद सिटी पोलीस या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्या संघाने मुंबईतला रोव्हर्स कप १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला. तेही खेळाडूंच्या आवडत्या गोष्टीच आधी काढून घ्यायचे. ड्रिबलिंग बंद, लगेच पास द्या. किंवा फक्त कच्च्या पायाने खेळा, त्याच्याच स्पर्धा भरवायचे. आमच्या मुलांच्या डाव्या हाताच्या लेअपशी हे किती जुळते ते पाहा. रहीमसाहेब भारतीय संघाचेही प्रशिक्षक होते, आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये तो संघ युगोस्लाव्हियाकडून १०-१ असा हरला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी होते. चार वर्षांनी मेलबर्नला बूट घातलेला भारताचा संघ चौथा आला. १९६२ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाशी ०-२ असा हरला आणि अंतिम सामन्यात त्याच कोरियाला २-१ ने हरवून सुवर्णपदक घेऊन आला. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाने ग्रासलेले होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले.

त्या दोन्ही संघांत आपल्या सिकंदराबादजवळच्या अम्मुगुड्याचा एक मुलगा होता, तुळसीदास बलराम. घरची परिस्थिती अशी की सरावासाठी हैदराबादला जायला पैसे नव्हते. मुलाने तसे सांगितले तेव्हा रहीमसाहेबांनी भाड्याच्या सायकलीचे पैसे स्वतः देऊ केले. मेलबर्नला गेला तेव्हा तो जेमतेम विशीचा होता. हा कडक शिस्तीचा माणूस एका खेड्यातल्या पोराच्या सायकलीच्या भाड्यापर्यंत उतरला. शिस्त आणि ती सायकल या दोन गोष्टी आम्हाला वेगळ्या करता येत नाहीत. आमच्या पोरांच्या प्रशिक्षकांकडे पहिली भरपूर आहे. दुसरीची वाट बघतो आहोत.

पुढच्या रविवारी वर्गात आम्ही प्रेषितांची कृत्ये काढली. मार्कची गोष्ट. तरुण मार्क हा पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर पहिल्या प्रवासाला निघाला आणि पंफुल्यापर्यंत जाऊन त्यांना सोडून यरुशलेमेला परत आला. का आला ते पवित्र शास्त्रात लिहिलेले नाही. दुसऱ्या प्रवासाची वेळ आली तेव्हा बर्णबा म्हणाला त्याला घेऊ या, पौल म्हणाला मुळीच नाही. वाद इतका तीव्र झाला की दोघे वेगळे झाले. बर्णबाने मार्कला घेऊन कुप्रची वाट धरली, पौल सीलाला घेऊन दुसरीकडे गेला. आपण वेदीवर ज्यांच्या मूर्ती बसवतो ती माणसे संघ निवडताना भांडून वेगळी झालेली आहेत, हे मुलांना आधी खरेच वाटेना.

पहिल्या वर्षाच्या एकाने विचारले, "मग बरोबर कोण होतं, सर? पौल की बर्णबा?" आम्ही म्हटले, लूकने ते लिहिलेले नाही. मोठा मुलगा इतका वेळ खिडकीतून बाहेर बघत होता. तो म्हणाला, "मार्कला कुणी विचारलं का, त्याला काय वाटतं?" वर्गात एकदम शांतता पसरली. मग आमच्या सहकारी बाईंनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा शेवटचा अध्याय त्याच्या हातात दिला. पौल म्हातारा झाला आहे, तुरुंगात आहे, बरोबरचे बरेच जण सोडून गेले आहेत, आणि तो लिहितो आहे की मार्कला घेऊन ये, मला त्याचा उपयोग आहे. मधली कितीतरी वर्षे गेली होती. त्या वर्षांत मार्क कुठे कुठे होता आणि काय करत होता, याबद्दल फार थोडे हाती लागते. परंपरा सांगते की शुभवर्तमानांपैकी एक त्याच्या हातून लिहिले गेले.

मुलाने ते दोनदा वाचले आणि काही न बोलता पुस्तक मिटले. तुला काय वाटले, असे आम्ही विचारले नाही. धर्मशिक्षकाला प्रत्येक वेळी उत्तर लागते असे लोकांना वाटते, पण ज्याची नोकरी टांगणीला आहे त्याच्याकडून उत्तर काढून घेणे बरे नव्हे.

सहावा सामनाही ते हरले. पण चार गुणांनी, आधीचे सगळे वीस-वीसने हरले होते. तिसऱ्या क्वार्टरला मोठ्या मुलाला आत घेतले. त्याच्या अंगावर दोघे धावून आले तेव्हा त्याने शॉट न घेता बॉल आमच्याच पहिल्या वर्षाच्या पोराकडे दिला, आणि त्या पोराने मोकळा लेअप डाव्या हाताने घालवला. आम्ही कट्ट्यावर कपाळाला हात लावला. मोठा मुलगा परत धावताना त्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाला. काय म्हणाला ते घरी आल्यावर विचारले तर दोघेही सांगेनात, म्हणजे बहुधा देवळात सांगण्यासारखे नसावे.

विद्यापीठाची यादी अजून लागलेली नाही. वडील रोज संध्याकाळी विचारतात. ज्यांना शक्य आहे त्यांनी या घरासाठी प्रार्थना करावी, अशी विनंती आहे. या एका मुलाच्या निवडीसाठी करा असे म्हणवत नाही, कारण त्याच यादीकडे डोळे लावून बसलेली इतर घरेही आहेत. त्यांना धीर मिळावा म्हणून करा.

देवळाच्या मागच्या अंगणात एक जुनी रिंग आहे, गंजलेली, जाळी नसलेली. गेल्या आठवड्यात मोठ्या मुलाने तिथे पहाटे सराव करायची परवानगी मागितली, डाव्या हाताचा. तिसऱ्या दिवशी बघितले तर धाकटे दोघेही हजर. फादरांची हरकत नाही. अट एवढीच की साडेसहाच्या मिस्साच्या वेळी बॉलचा आवाज येता कामा नये.